धावा आणि घाई : संकटकाळातील दुआ-काव्याचा विचार

मराठीत 'देवाचा धावा करणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. संकटात सापडलेला माणूस 'धाव' म्हणून हाक मारतो, म्हणजे धावायचे आहे ते देवाने. हाक मारणारा जागीच आहे, अडकलेला आहे, त्याला हलता येत नाही. कुरआनात मात्र सूरह अज-जारियात (५१:५०) माणसालाच अल्लाहकडे धाव घ्यायला सांगते. आणि बुखारी-मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीसे-कुदसी तिसरीच गोष्ट सांगते. बंदा चालत आला तर त्याचा रब त्याच्याकडे धावत येतो, असा तिचा आशय आहे. माणसाने धावावे की देवाने, हा प्रश्न या तीन वचनांना एकत्र ठेवले की मिटतो. दोघांमधले अंतर दोन्ही बाजूंनी कमी होत असते. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढे एक वेगळा प्रश्न उरतो. संकटात लिहिलेल्या कवितेत हे अंतर खरोखर कमी झालेले दिसते का? की तिथे नुसतीच हाक ऐकू येते आणि पाय मात्र हललेले नसतात?

हा प्रश्न आम्ही आज मांडतो, त्याला कारण आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर दोनच वर्षांत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चा काळ आला. आपले साहित्य अशा दिवसांत वयात आले. दंगल, संशय, उद्ध्वस्त मोहल्ले, ओळख सिद्ध करण्याची रोजची सक्ती हे आपल्या कवितेचे विषय झाले आणि ते व्हायलाच हवे होते. या कवितेने सरकारला प्रश्न विचारले, शेजाऱ्याला विचारले, आपल्याच मौलवींना आणि पुढाऱ्यांना विचारले. अल्लाहशी ती किती बोलली, हे पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. जिथे ती बोलते तिथेही बहुधा दोनच सूर लागतात. एक, ठरावीक शब्दांची विनवणी. ती कोणत्याही वर्षाची, कोणत्याही गावाची असू शकते. दुसरा, तक्रारीचा, त्यात देव हा राज्यकर्त्यांच्याच यादीतले आणखी एक नाव होऊन बसतो. पहिल्या सुरात माणूस दिसत नाही, दुसऱ्यात देव दिसत नाही. दोघे समोरासमोर आले आहेत असे क्वचितच घडते.

याचा अर्थ प्रत्येक मुस्लिम कवीने धार्मिक कविता लिहावी, असा आमचा आग्रह नाही. आपल्यातले कित्येक चांगले कवी श्रद्धेच्या चौकटीबाहेर उभे राहून लिहितात आणि त्यांच्या कवितेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आमचा प्रश्न ज्या कविता स्वतःला दुआ म्हणवतात, मुनाजात म्हणवतात, त्यांच्यापुरता आहे. अशा कवितेला कोणता निकष लावावा? भावना खरी आहे, म्हणून टीकाकाराने गप्प बसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुआचे परीक्षण कसे करावे याचे धडे खुद्द कुरआनातच आहेत, आणि ते धडे साहित्याच्या दृष्टीनेही फार सूक्ष्म आहेत.

*

सूरह यूनुसमध्ये (१०:२२-२३) एका जहाजाचे चित्र येते. वारा अनुकूल आहे, प्रवासी खूश आहेत. मग वादळ उठते, चारही बाजूंनी लाटा येतात, आता सुटका नाही असे वाटते. त्या क्षणी सगळे अगदी निखळ मनाने अल्लाहला पुकारतात, वाचलो तर कृतज्ञ राहू असे सांगतात. किनाऱ्याला लागले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याच सूरहच्या बाराव्या आयतीत एक चित्र आणखी जवळचे आहे. त्रासात सापडलेला माणूस आडवा पडून, बसून, उभा राहून पुकारतो. त्रास टळला की असा निघून जातो, जणू त्याने कधी हाक मारलीच नव्हती.

इथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की कुरआन त्या हाकेला खोटी म्हणत नाही. उलट ती निखळ होती असेच सांगतो, आणि जहाजाला किनाराही मिळतो. म्हणजे हाकेची उत्कटता ही तिची पुरेशी कसोटी नव्हे. वादळात सगळेच उत्कट असतात. हाकेने माणूस कुठे पोहोचला, हे किनाऱ्यावर कळते. आपल्या समीक्षेने 'उत्कट', 'आर्त', 'काळजाला भिडणारे' ही विशेषणे दुआपर कवितांवर मुक्तहस्ते उधळली आहेत. ती विशेषणे वादळापुरती खरी आहेत. कवितेला किनाऱ्याचीही परीक्षा द्यावी लागते.

या जहाजाच्या शेजारी पैगंबरांच्या दुआ ठेवून पाहाव्यात. हजरत अय्यूब (अ.) यांची दुआ (२१:८३) एका ओळीत मावेल एवढी आहे. तिच्यात दोनच गोष्टी आहेत. मला पीडेने स्पर्श केला आहे आणि तू सर्वांहून दयाळू आहेस. मागणी नाहीच. बरे कर, मुलेबाळे परत दे, असे काही नाही. आपली अवस्था एका बाजूला आणि त्याची दया दुसऱ्या बाजूला एवढेच मांडून ते थांबतात. हजरत यूनुस (अ.) माशाच्या पोटात, अंधारांच्या आत असताना (२१:८७) बाहेर काढ असे म्हणत नाहीत. ते त्याचे एकत्व उच्चारतात आणि दोष स्वतःचा होता हे सांगतात. हजरत मूसा (अ.) मिसरमधून जीव वाचवून पळालेले, परक्या गावात दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजून सावलीत जाऊन बसतात (२८:२४). घर नाही, भाकरी नाही. तिथे त्यांच्या तोंडून निघते ते एवढेच की तू जे काही भले उतरवशील त्याचा मी गरजू आहे. आणि हजरत जकरिया (अ.) यांनी तर हळू आवाजात पुकारले (१९:३). म्हाताऱ्या हाडांची, पांढऱ्या झालेल्या डोक्याची हकीकत त्यांनी कुजबुजत सांगितली.

या दुआंत तातडी कमी आहे काय? माशाच्या पोटातल्या माणसाहून जास्त तातडी कोणाची असणार? पण त्या तातडीचे तोंड वळलेले आहे. ती सुटकेकडे कमी आणि सोडवणाऱ्याकडे अधिक पाहते. म्हणूनच शब्द थोडे झाले आहेत. मागण्यांची यादी लांबते तेव्हा देणारा लांब असतो. तो जवळ असला की अवस्था सांगितली तरी पुरते.

सब्र म्हणजे मुकाट सोसणे, असा एक समज आपल्याकडे आहे. हजरत याकूब (अ.) यांचे उदाहरण तो समज खोडून काढते. मुलगा हरवल्यावर त्यांनी सुंदर सब्राची भाषा केली (१२:१८). आणि तरीही रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले (१२:८४). घरचे लोक बोल लावू लागले तेव्हा त्यांनी सांगितले की माझे दुःख आणि माझी तक्रार मी अल्लाहपाशीच करतो आहे (१२:८६). तक्रार निषिद्ध नाही. ती कोणाकडे करायची, हा प्रश्न आहे. अल्लाहकडे केलेली तक्रार आणि अल्लाहविषयी केलेली तक्रार यांत जे अंतर आहे, ते या लेखात पुढे आम्हांला पुन्हा लागणार आहे.

आता एक पेच. कुरआन धाव घ्या म्हणतो, आणि बुखारी-मुस्लिममधील एक हदीस सांगते की बंद्याची दुआ कबूल होत राहते, जोवर तो घाई करत नाही. घाई म्हणजे काय, हेही तिथे स्पष्ट केले आहे. मी मागितले, मागितले आणि मिळाले नाही, असे म्हणून सोडून देणे ही घाई. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतील. परंतु त्यांच्यात विरोध नाही. जाण्याची निकड असावी, मिळण्याची घाई नसावी. दारापर्यंत धावत जावे आणि दारात उभे राहायला वेळ द्यावा. आमच्या मते संकटकाळातील दुआ-काव्याचा निकष हाच आहे. त्या कवितेत धाव किती आहे आणि घाई किती, हे पाहावे.

सीरतच्या ग्रंथांत नोंदलेली ताइफची दुआ या निकषाचा सर्वोच्च नमुना आहे. हिजरतच्या सुमारे तीन वर्षे आधीचा तो काळ. हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब दोघेही गेले होते, त्या वर्षाला दुःखाचे वर्ष असेच नाव पडले. मक्केत आधार उरला नाही म्हणून पैगंबर (स.) ताइफला गेले. तिथल्या सरदारांनी हेटाळणी केली, पोरे मागे लावली, दगड मारले. रक्ताळलेल्या पायांनी एका बागेच्या आश्रयाला बसून केलेली ही दुआ आहे. तिची रचना पाहण्यासारखी आहे. सुरुवात लोकांच्या दुष्टपणापासून होत नाही. ती होते स्वतःच्या दुबळेपणाच्या, साधनहीनतेच्या निवेदनाने. मग प्रश्न येतो की तू मला कोणाच्या हवाली करतो आहेस. आणि मग सगळ्या दुआचा काटा एका वाक्यावर फिरतो. तू माझ्यावर नाराज नसशील तर या कशाचीच मला पर्वा नाही, असा त्याचा भाव आहे. जखम जिथल्या तिथे आहे, ताइफचे लोक जिथल्या तिथे आहेत. बदलले आहे ते भीतीचे ठिकाण. दगडांची भीती गेली, नाराजीची भीती आली. संकटातून जवळीक कशी निपजते हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुठे दिसेल.

*

हा निकष घेऊन आपण आपल्या वाचनातल्या दोन मोठ्या उर्दू कवींकडे वळू. मराठी मुसलमानांच्या घरांत ज्यांनी उर्दू शाळा पाहिली नाही त्यांनीही ही नावे ऐकलेली असतात.

अल्ताफ हुसैन हाली (१८३७-१९१४) हे पानिपतचे. १८५७ त्यांनी ऐन विशीत पाहिले, दिल्लीची जुनी दुनिया डोळ्यांदेखत मोडली. १८७९ साली त्यांनी 'मद्दो-जज्रे-इस्लाम' ही मुसद्दस लिहिली, ती समाजाच्या ऱ्हासाचा ताळेबंद मांडणारी आहे. तिचा शेवट इतका निराश झाला की पुढे १८८६ मध्ये स्वतः हालींनाच आशेच्या सुराची पुरवणी जोडावीशी वाटली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने हालींची अधिक मोलाची रचना याच दशकातली 'मुनाजाते-बेवा' ही आहे. तिच्याकडे मराठीत पुरेसे लक्ष गेलेले नाही.

यात बोलते ती एक बालविधवा. ती अल्लाहशी बोलते आणि घरातल्या बोलीत बोलते. फारसी-अरबीचा जडपणा जवळजवळ नाही. अंगणात, चुलीपाशी जी भाषा ऐकू येते तीच इथे मसनवीच्या घाटात आली आहे. त्या काळात विधवेच्या पुनर्विवाहाला इस्लामने मोकळीक दिलेली असूनही उत्तरेकडील खानदानी मुस्लिम घराण्यांतही तो लाजिरवाणा मानला जाई, त्याविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सुधारकांना झगडावे लागले होते. म्हणजे ही बाई ज्या तुरुंगात आहे तो तुरुंग शरियतने बांधलेला नाही, रिवाजाने बांधला आहे. हालींनी तिला समाजापुढे भाषण करायला उभे केले असते तर ती सुधारकी कविता झाली असती. त्यांनी तिला मुनाजात दिली. तिची कैफियत ऐकणारा एकच, आणि आपण वाचक ती चोरून ऐकतो आहोत असा भास होतो. परिणामी जे साधले आहे ते भाषणाने साधले नसते. समाजावरचा आरोप शब्दांत न येता आपल्या कानांत उमटतो. या बाईला आपल्यापैकी कोणाशीच बोलता आले नाही, म्हणून ती त्याच्याशी बोलते आहे, ही जाणीव वाचकाला शरमिंदा करते.

हालींनीच पुढे १८९३ मध्ये 'मुकद्दमा-ए-शेरो-शायरी'त काव्याच्या तीन कसोट्या सांगितल्या: सादगी, असलियत आणि जोश. या तिन्हींवर त्यांची स्वतःची ही रचना उतरते. पण त्यात चौथी एक गोष्ट आहे आणि तिला आम्ही धाव म्हणतो. ही विधवा आपले दुःख सांगता सांगता दुःखाच्या पलीकडे जाते. आरंभी तिला अल्लाह हा अखेरचा आधार वाटतो, कारण बाकी सगळे गेले आहे. शेवटाकडे येईतो जे गेले ते नश्वरच होते आणि राहणारा तूच आहेस, या दिशेने तिचे मन वळलेले असते. तिची परिस्थिती बदलत नाही. टीकाकार इथे आक्षेप घेईल की हे तर समाधान मानून घेणे झाले, अन्याय करणारा सुटला. आक्षेप गंभीर आहे. परंतु हालींचा रोख पाहिला तर तो टिकत नाही. त्यांनी १९०५ मध्ये 'चुप की दाद' लिहून बायकांच्या मुक्या सोसण्याची दाद जाहीरपणे मागितली. मुनाजात लिहिणारा हात आणि दाद मागणारा हात एकच होता. अल्लाहच्या जवळ जाण्याने न्यायाची मागणी विझत नाही, हे आपल्या आजच्या पुरोगामी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

इकबाल यांची 'शिकवा' १९११ साली लाहोरात अंजुमन हिमायते-इस्लामच्या जलशात वाचली गेली. काव्याचा डौल, मुसद्दसची चढत जाणारी लय, इतिहासाचा पट या कोणत्याही बाबतीत तिला तोड नाही. ती गाजली आणि काही उलेमांना खटकली. देवाशी अशी भाषा करावी का, असा त्यांचा आक्षेप होता. आमचा आक्षेप तो नाही. वारकरी अभंग ऐकत वाढलेल्या मराठी कानाला देवाशी भांडण नवे नाही, आणि हजरत याकूबांचे उदाहरण वर आलेच आहे.

प्रश्न दुसराच आहे. 'शिकवा'तला 'आम्ही' अल्लाहपुढे कामाचा हिशेब ठेवतो. आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, आणि तुझी मेहेरबानी मात्र इतरांवर. हिशेबाची भाषा ही घाईची भाषा आहे. तिला देणे-घेणे आजच पुरे करून हवे असते. शिवाय या 'आम्ही'त एकटा माणूस कुठे सापडत नाही. तो शतकांच्या मिरवणुकीत हरवला आहे. ताइफच्या दुआत दुबळेपणाची कबुली पहिल्याच वाक्यात आहे, 'शिकवा'त दुबळेपणा हा अपमान म्हणून येतो. म्हणून आमच्या मते 'शिकवा' ही थोर कविता आहे, पण ती मुनाजात नाही. ती समाजाची कैफियत आहे, अल्लाहच्या नावे लिहिलेली आणि सभेला ऐकवलेली. आणि इकबालांच्या थोरपणाचा खरा पुरावा असा की हे त्यांना स्वतःला कळले होते. बाल्कन युद्धाच्या दिवसांत, १९१३ मध्ये आलेल्या 'जवाबे-शिकवा'त उलट प्रश्न केला जातो. ज्यांच्या नावाने हिशेब मागता ते तुमचे पूर्वज होते, तुम्ही कोण? हा जबाब म्हणजे शिकव्यावरची इकबालांचीच समीक्षा आहे. आपल्याकडे मात्र 'शिकवा'चे अनुकरण खूप झाले, 'जवाबे-शिकवा'चे फारच थोडे. तक्रारीचा सूर सोपा असतो, उत्तर ऐकून घेणे अवघड.

*

आता आपल्या मातीकडे येऊ. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भयानक दुष्काळ पडला. तुकारामांची पहिली पत्नी त्यात भुकेने गेली, व्यापार बुडाला, लोकांतली पत गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. त्या भागात त्याच काळात आणखी एक कवी होते, श्रीगोंद्याचे शेख महंमद. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. आणि १६४५ मध्ये शेख महंमदांचा 'योगसंग्राम' पुरा झाला. म्हणजे दुष्काळ, सैन्यांच्या धावपळी आणि राज्याचा अंत एवढे सगळे भोवती घडून गेल्यावर हा ग्रंथ लिहिला गेला. ग्रंथाच्या नावात संग्राम आहे. वाचक मुलूखगिरीच्या अपेक्षेने उघडेल तर आत साधक आणि त्याचे विकार यांची लढाई आहे.

हे पळ काढणे म्हणावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण ग्रंथातच मिळते. शेख महंमद बाहेरच्या जगाबद्दल मुळीच गप्प नाहीत. ढोंगी फकीर, पैसे उकळणारे गुरू, दोन्हीकडचा पोकळ कर्मठपणा यांवर ते कडाडून तुटून पडतात. जो माणूस इतके बोलू शकतो तो भोवतीच्या आपत्तीला घाबरून आत लपला असे म्हणता येणार नाही. त्याने संकटाचे मूळ शोधत शोधत आत जाणे पसंत केले. राज्ये पडतात, पाऊस पडत नाही, आणि या सगळ्यात माणूस स्वतः कोणाच्या ताब्यात आहे, असा तो प्रश्न होता. चाँद बोधल्यांच्या सूफी परंपरेतून आलेला हा कवी ओवीच्या छंदात, ज्ञानेश्वरीच्या भाषेत हे लिहितो आणि रामदासांनाही त्याची थोरवी गावीशी वाटते, ही आपल्या परंपरेतली साधी गोष्ट नव्हे. ज्ञानेश्वरीने गीतेच्या अनुषंगाने भक्तांचे जे चार प्रकार उलगडले त्यांत पहिला 'आर्त' आहे. सूरह अन-नम्लमध्ये (२७:६२) ज्याच्या हाकेला उत्तर मिळते तो 'मुजतर', म्हणजे सगळे उपाय खुंटलेला माणूस आहे. मराठी मुस्लिम लेखकाच्या हाती हे दोन्ही शब्द एकाच वेळी आहेत. दुसऱ्या कोणत्या लेखकाला अशी दुहेरी मिरास मिळाली आहे?

याच मिराशीतला एक धागा बायकांच्या जात्यापाशी सापडतो. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दख्खनी बोलीत 'चक्कीनामे' रचले गेले. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा अभ्यास केला आहे. दळणाऱ्या बाईने जाते फिरवता फिरवता जिक्र करावा, जात्याच्या दांड्यात अलिफ पाहावा, अशी त्यांची कल्पना. यात वादळ नाही, जहाज नाही. रोजची पहाट आणि रोजचे दळण आहे. परंतु कष्टकरी बाईचे संकट असेच रोजचे असते. ते एकदा येऊन जात नाही, म्हणून किनाऱ्याला लागून विसरण्याची सोय तिला नाही. तिर्मिजीमधील एका हदीसचा आशय असा आहे की अडचणीत आपली हाक ऐकली जावी असे ज्याला वाटते त्याने सुखाच्या दिवसांत पुष्कळ दुआ करावी. चक्कीनामा या हदीसचे काव्यरूप आहे असे आम्ही मानतो. हाक ही सवय झाली की संकटात ती शोधावी लागत नाही.

*

या पार्श्वभूमीवर आपल्या अलीकडच्या लेखनाकडे पाहिले म्हणजे उणीव कुठे आहे ते कळते. २०२० साली मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. मशिदी बंद झाल्या, एप्रिलअखेर रमजान आला तो घरातच, तरावीह घरात, २५ मे ची ईद घरात. त्या वर्षी भारतातून कोणी हजला जाऊ शकले नाही. जनाज्याला चार माणसे मिळणे कठीण झाले. आणि याच दिवसांत रोगाचे खापर एका समाजाच्या माथी फोडण्याचाही उद्योग झाला. त्यावर आपल्या नियतकालिकांत आणि कविसंमेलनांत पुष्कळ कविता आल्या. आरोपाला उत्तर देणाऱ्या कविता आल्या, त्या आवश्यक होत्या. 'हे अल्लाह, ही बला टाळ' अशा कविताही आल्या. परंतु मशिदीचे दार बंद असताना घराच्या कोपऱ्यात टेकवलेल्या कपाळाचा अनुभव किती जणांनी लिहिला? सूरह अल-अलकची शेवटची आयत (९६:१९) सजदा करण्यास आणि जवळ येण्यास एकाच दमात सांगते, आणि ती उतरली आहे ती नमाज पढणाऱ्याला रोखणाऱ्या माणसाच्या संदर्भात. रोखले जाणे आणि जवळ जाणे यांचा असा सांधा कुरआनने जुळवून ठेवला होता. आपल्या कवितेने तो हाताशी असून उचलला नाही.

पाण्याचेही तसेच. मराठवाड्याने १९७२ पाहिले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. अशा प्रत्येक दुष्काळात आपले लोक मैदानावर जाऊन नमाजे-इस्तिस्का पढतात. या नमाजचे तपशील एखाद्या कवीने नीट पाहिले तर त्याला प्रतिमा शोधायला दूर जावे लागणार नाही. साध्या, जुन्या कपड्यांत निघायचे. म्हातारे, मुले, जनावरेसुद्धा बरोबर न्यायची. आधी माफी मागायची, मग पाऊस. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे अंगावरची चादर उलटी फिरवायची. आभाळाने कूस बदलावी असे वाटत असेल तर आधी आपण बदलतो आहोत, हे त्या चादरीने सांगायचे. दुष्काळावरच्या आपल्या कवितांत भेगाळलेली जमीन पुष्कळ आहे, सावकार आहे, आटलेली विहीर आहे. उलटी केलेली ती चादर आम्हांला फारशी भेटलेली नाही.

असे का व्हावे? आमच्या मते कारणे दोन आहेत. पहिले कारण संकोच. मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात आपण धार्मिक दिसलो तर मागास ठरू, अशी धास्ती आपल्या लेखकाला असते. गंमत अशी की ज्या प्रवाहात आपण हे लपवतो तो प्रवाह संतांच्या आर्ततेवर उभा आहे. तुकारामांची तळमळ अभ्यासक्रमात शिकवायची आणि आपली मात्र झाकून ठेवायची, हा न्याय आपणच आपल्याला लावतो. दुसरे कारण उलट दिशेचे आहे. दुआ म्हणजे ठरावीक अरबी शब्द, त्यात आपले शब्द घालू नयेत, अशी एक भीती घराघरांत आहे. मसनून दुआंचे महत्त्व कोण नाकारील? परंतु सूरह अल-बकरातील रोजाच्या आयतींच्या मध्यावर जी आयत आली आहे (२:१८६), तिच्याकडे भाष्यकारांनी पूर्वीच लक्ष वेधले आहे. माझे बंदे माझ्याविषयी विचारतील तेव्हा, अशी सुरुवात होते. इतर अशा ठिकाणी 'तू सांग' असा शब्द येतो, इथे तो गाळला आहे. मध्यस्थाचा शब्दसुद्धा मध्ये ठेवलेला नाही, आणि थेट सांगितले आहे की मी जवळ आहे. जिथे देवाने स्वतः मधला शब्द काढून टाकला तिथे आपल्या मायबोलीचा शब्द आड येईल, असे मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना तर तसे मुळीच वाटले नव्हते.

पुढचा काळ सोपा असेल असे कोणी सांगू शकत नाही. संकटे येतील आणि त्यांवर कविताही येतील. अन्यायाविरुद्ध आवाज उठवणारी कविता लागेल, ती कमी पडता कामा नये. परंतु जी माणसे मोर्च्यातून घरी येऊन रात्री मुसल्ल्यावर बसतात, त्यांचे ते बसणेही साहित्यात यावे. ते आले नाही तर आपल्या समाजाचे अर्धेच चित्र आपण मागे ठेवू. पुढच्या पिढीला वाटेल की या लोकांना फक्त राग होता. त्यांना आसराही होता, आणि तो ते कुठे शोधत होते, हेही लिहून ठेवायला हवे.

ते लिहिताना आपल्या संपादकांनी आणि समीक्षकांनी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, एवढीच सूचना. या कवितेतला माणूस जिथून हाक मारू लागला तिथून शेवटपर्यंत एक पाऊल तरी पुढे आला का? आणि वादळ शमल्यावर ही कविता पुन्हा वाचावीशी वाटेल का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ती कविता छापावी, शब्द ओबडधोबड असले तरी. नकारार्थी असतील तर ती परत करावी, अश्रू कितीही खरे असले तरी.